फळ्यावरचा सतरा नंबर

अग्निशमन दलात माणसाचे खरे नाव हजेरीपटावर असते आणि लग्नपत्रिकेवर छापले जाते. एरवी सगळा कारभार टोपणनावावर चालतो. त्याला सगळे घोरपड म्हणत. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि खांद्यावर होज पाइपची गुंडाळी घेऊन तो सरावाच्या मनोऱ्याचे दहा मजले असा चढायचा, की बघणाऱ्यांच्या माना दुखायच्या आणि त्याचे पाय दुखायचे नाहीत. ती गोष्ट जुनी झाली. आता छप्पन्नाव्या वर्षी तो दलाच्या तळघरात होजदुरुस्ती करत होता. लांबलचक खोली, छताला टांगलेले ओले होज, रबराचा आणि भिजल्या कापडाचा वास. होजमध्ये दाबाने पाणी सोडायचे, गळेल तिथे खडूने खूण करायची, ठिगळ लावायचे, वाळत टाकायचे. एकोणीस वर्षे हेच.

उंच इमारतीतून एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन उतरलेला, शौर्यपदक मिळालेला माणूस स्वतःहून तळघर मागून घेतो, याचे दलात फार कौतुक होते. "याला म्हणतात मोठेपणा," असे नवे लोक एकमेकांना सांगत. घोरपड त्या वेळी होजवरची खडूची खूण पुसत असे आणि पुन्हा तिथेच करत असे.

पदक घरी होते. बायकोने ते काचेच्या पेटीत घालून पुढच्या खोलीत दारासमोर लावले होते, पत्ता विचारायला आलेल्यालाही दिसावे असे. त्याने एकदा ते काढून कपाटात ठेवून पाहिले.

"कपाटात का ठेवलंत हो?" बायको म्हणाली. "चोरीचा माल आहे का?"

ती सहज बोलली. पण त्याच दिवशी पदक पुन्हा भिंतीवर गेले.

दर गुरुवारी संध्याकाळी भोंगा बुद्धिबळ खेळायला यायचा. भोंगा त्याचा भरतीपासूनचा दोस्त. एके काळी भोंग्याचा आवाज ही दलाची मालमत्ता होती. त्याने सहाव्या मजल्यावरून "पाणी सोड" अशी हाक दिली, की पंपावरचा ड्रायव्हर तर सोडाच, चौकापलीकडचा माणूसही आपल्या घरचा नळ उघडेल, असे लोक म्हणत. त्या आवाजात नुसता जोर नव्हता, धीर होता. धुरात आंधळे झालेले लोक त्या आवाजाचे बोट धरून बाहेर येत. आता त्याच्या गळ्यातून कागद चुरगाळल्यासारखी खसखस तेवढी यायची, आणि दर दोन वाक्यांमागे त्याला श्वासासाठी थांबावे लागायचे. थट्टेची खोड मात्र शाबूत होती.

"वजीर सांभाळ," तो कुजबुजायचा. "बायको रुसली तर समजूत घालता येते. वजीर गेला की गेला."

"मला ऐकू येतं हं, भोंगाभावजी," आतून घोरपडीची बायको म्हणायची.

"वहिनी, हा आवाज तुम्हाला आतपर्यंत आला, म्हणजे माझी तब्येत सुधारतेय."

ती हसायची, भोंगा हसायचा आणि हसता हसता खोकायचा. त्या खोकल्याची उबळ थांबेपर्यंत घोरपड पटावरून नजर उचलायचा नाही.

एका मंगळवारी प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुख मॅडम तळघरात आल्या. चाळिशीच्या आतली, तडफदार बाई. उंच इमारतींवर विमान आदळले तर दलाने काय करायचे, याचे नवे पुस्तक लिहीत होत्या. त्यासाठी त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी विमान आदळले त्या दिवसाच्या जुन्या नोंदवह्या उपसल्या होत्या.

"काका, बसा. तुम्ही उभे राहिलात तर मलाही उभं राहावं लागेल, आणि आज माझे बूट चावताहेत."

घोरपड होजच्या ढिगावर बसला. मॅडमनी कागद उलगडला.

"रुग्णवाहिकेच्या वहीत तुम्ही उतरवलेल्या आजोबांची नोंद अकरा बावन्नची आहे. मास्तरांच्या फळ्यावरून तुमचा बिल्ला निघाला बारा वाजून सहा मिनिटांनी. मधे चौदा मिनिटं. मी काल त्या इमारतीच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत चालून बघितलं. रमतगमत गेले, तरी तीन मिनिटं लागली."

"रेडिओ बंद पडला होता, मॅडम."

"रेडिओ बंद होता हे चौकशी अहवालात आहे. पाय पण बंद पडले होते का?"

मॅडमनी कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले, पण ती वाचली नाही.

"सोमवारी नवी तुकडी येतेय. तुम्ही आणि भोंगाकाका, दोघं त्यांच्याशी बोला. या चौदा मिनिटांचं काय ते तोपर्यंत आठवलं तर सांगा. नाही आठवलं, तर पुस्तकात 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहीन. मी काही पोलीस नाही."

त्या गेल्या. तिसरी ओळ त्याला वाचायची गरज नव्हती. भोंगा त्याला शोधायला आगीच्या मजल्यावर शिरला, ती वेळ अकरा अठ्ठावन्न होती.

बिल्ल्याचा नियम दलात पहिल्याच दिवशी शिकवतात. प्रत्येकाला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला असतो. आगीच्या इमारतीत शिरताना तो दारातल्या फळ्यावर टांगायचा. बाहेर येताना स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. दुसऱ्याने काढायचा नाही, निरोप पाठवायचा नाही. बिल्ला फळ्यावर आहे तोवर माणूस आत आहे, आणि आतला माणूस सापडत नसेल, तर त्याच्यासाठी दुसरे आत जाणार. त्या दिवशी फळा सांभाळायला दलातले सर्वांत जुने जमादार होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घोरपडीने आपला सतरा नंबर त्यांच्या हातात दिला होता.

चाळीस मजल्यांची कचेऱ्यांची इमारत. सकाळी अकराला दहा मिनिटे कमी असताना दहा आसनांचे एक छोटे जेट विमान सत्ताविसाव्या मजल्यात घुसले. एरवी आग खालून वर चढते. विमानाची आग वरून खालीही उतरते. इंधन लिफ्टच्या विहिरीतून वाहत आले आणि तळमजल्यावरच्या लिफ्टची दारे त्याच्या भडक्याने बाहेर फेकली गेली. म्हणून लिफ्ट बंद, चढायचे ते पायांनी. जिने दोन. पुढच्या जिन्याने दलाने होज घेऊन चढायचे. होजमुळे त्याची दारे उघडी राहतात आणि धूर जिन्यात येतो. मागचा जिना माणसांना उतरण्यासाठी स्वच्छ राखायचा. विमानाने वरची पाण्याची नळीही तोडली होती, म्हणून खालून होजला होज जोडत पाणी न्यायचे. आगीच्या दोन मजले खाली, पंचविसाव्यावर, तळ ठोकायचा, आणि सिलिंडर संपायच्या आत ताजी माणसे वर चढवत राहायची.

घोरपड पहिल्या तुकडीत सर्वांत पुढे होता. बाविसाव्या मजल्यावर त्याने कठड्याला हात लावला, तर कठडा थरथरत होता. भिंतीमागून लिफ्टच्या विहिरीतला भट्टीसारखा आवाज येत होता, आणि वरून कुठूनतरी कण्हल्यासारखे लोखंड वाकत होते. आगीला तो कधी भ्याला नव्हता. पायाखालची इमारतच भिऊन थरथरते आहे, हे त्याने कधी पाहिले नव्हते. पंचविसाव्यावर पोचला तेव्हा त्याच्या तोंडातली जीभ लाकूड झाली होती.

तळावरचे साहेब म्हणाले, "पलीकडचा जिना बघून ये. कोणी मागे राहिलंय का बघ. दोन मिनिटांत परत ये."

तो मधल्या बोळातून मागच्या जिन्यावर गेला. तिथे हवा स्वच्छ होती. एका मजल्याखाली दोन तरुण कारकून एका म्हाताऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून उतरवत होते. म्हातारा डोळ्यांच्या डॉक्टरकडे आला होता. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्याला पायऱ्या दिसत नव्हत्या. बाकी तो ठणठणीत होता.

"सोडा," घोरपड म्हणाला. "मी नेतो."

"आम्ही नेतोय ना साहेब," एक कारकून म्हणाला.

"अहो, तुम्ही कशाला? ही मुलं छान नेताहेत," म्हातारा म्हणाला. "तुमचं काम वर असेल."

घोरपडीने म्हाताऱ्याला त्यांच्या हातांतून काढून घेतले, पाठीवर टाकले आणि तो उतरू लागला. त्याला खाली जायला कारण हवे होते, आणि कारण पायऱ्यांवर चालत आले होते. बाराव्या मजल्यावर रेडिओ बोलला, "सतरा नंबर, कुठे आहेस? सतरा नंबर." त्याने अंगठ्याने बटण फिरवले. रेडिओ बंद पडला नव्हता. त्याने तो बंद केला होता.

मागचे दार मागच्या रस्त्यावर उघडत होते. म्हाताऱ्याला रुग्णवाहिकेत दिले, कोणीतरी फोटो काढला. मग तो रुग्णवाहिका आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत, फुटपाथच्या कडेला, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. पुढच्या दाराशी गेलो तर मास्तर ताजा सिलिंडर देतील आणि पुन्हा वर पाठवतील, एवढे एकच त्याच्या डोक्यात होते. बिल्ला त्याला आठवत होता. आठवत नव्हता असे तो कधी स्वतःशीही म्हणाला नाही.

वर साहेबांनी तो हरवल्याचे कळवले. भोंगा दुसऱ्या तुकडीबरोबर नुकताच तळावर पोचला होता. "तो असा हरवणारा नाही. वर गेला असेल, त्याला वर जायचीच सवय," म्हणाला आणि दोघांना घेऊन सव्विसाव्यावर, तिथून सत्ताविसाव्यावर गेला. छत कोसळलेले, काही दिसत नाही. तेव्हा भोंग्याने ते केले, जे दलात फक्त भोंगाच करू शकला असता: हवेच्या मुखवट्यातून आवाज पोचत नाही म्हणून त्याने मुखवटा बाजूला ओढला आणि घोरपडीला हाक मारली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या हाकेला आवाज निघाला नाही.

सोबतच्या दोघांनी त्याला ओढत खाली आणले. तो अजून जिन्यातच होता, तेव्हा घोरपड पुढच्या दाराशी येऊन फळ्यावरचा बिल्ला काढत होता. मास्तरांनी त्याला मिठी मारली. "अरे, कुठं होतास?" घोरपड म्हणाला, "रेडिओ बंद पडला." त्या एका वाक्यापायी पुढे दलाचे दोनशे चांगले रेडिओ भंगारात गेले आणि नवे आले. नव्या रेडिओंच्या कार्यक्रमात त्याच्याच हातून फीत कापवून घेतली.

गुरुवारी भोंगा आला तो पट मांडायच्या आधीच बोलू लागला.

"मॅडमचा फोन आला होता. सोमवारी भाषण. मला, अरे, मला! एकोणीस वर्षांनी कोणीतरी म्हणतंय, भोंगा, बोल." तो श्वासासाठी थांबला. "माईक देणार आहेत. घरी लाटणं धरून सराव केला. आमची ही म्हणते, लाटणं खाली ठेवा, मला भीती वाटते."

"काय सांगणार आहेस?"

"तेच. तू त्या म्हाताऱ्याला घेऊन उतरलास, रेडिओ मेला, मी उगाच वर बोंबलत बसलो." तो हसला. "दोघंही बरोबर होतो, नशीब चुकलं. पोरांना हे कळायला पाहिजे. आपल्या धंद्यात असं होतं."

घोरपडीने प्यादे उचलले. "भोंग्या, तुला एक सांगायचंय."

"सांग."

बायको चहा घेऊन आली. तिने पदकाच्या काचेवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "सोमवारी हे लावून जा हो छातीला." घोरपडीने प्यादे खाली ठेवले. भलत्याच घरात.

"हे सांगायचं होतं? की तुझा वजीर जातोय?" भोंगा म्हणाला आणि वजीर उचलला.

सोमवारी वर्गात सोळा जण होते. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग. भोंगा दहा मिनिटे आधी येऊन दम घेत बसला होता, दाढी घोटलेली, शर्ट कडक इस्त्रीचा. तो आधी बोलला. माईकमधूनही खसखसच आली, पण त्याला कुठे थांबायचे ते कळत होते, आणि जिथे तो श्वासासाठी थांबे, तिथे ती सोळा पोरे आपलाही श्वास धरत. शेवटी त्याने घोरपडीकडे हात केला. "हा माझा दोस्त. याच्यासाठी माझा आवाज गेला. वाया नाही गेला. हा बघा, समोर बसलाय."

टाळ्या झाल्या. घोरपड उभा राहिला. पदक त्याने लावले नव्हते. बायकोला सांगितले होते, पिन मोडली. त्याने विमानापासून सुरुवात केली. लिफ्ट का वापरायची नाही, ते सांगितले. दोन जिने, तळ, सिलिंडर, पाणी, सगळे फळ्यावर काढून दाखवले. होज कसा जोडायचा, हे त्याने दोनदा सांगितले. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिले नाही, हातातली वही मिटून ठेवली. बोलण्यासारखे काहीच उरले नाही, तेव्हा त्याने खडू ठेवला.

"रेडिओ चालू होता," तो म्हणाला.

आणि त्याने सांगितले. दोन कारकुनांसकट, बाराव्या मजल्यावरच्या बटणासकट, सांदीतल्या चौदा मिनिटांसकट. "मला भीती वाटली, हे तेव्हाच सांगता आलं असतं. भीती सगळ्यांना वाटते. पण मला बिल्ला काढायला जायची लाज वाटली, आणि नंतर लाज वाटल्याची लाज वाटली. अकरा बावन्नला निघालो असतो, तर पंचावन्नला बिल्ला निघाला असता. भोंगा अठ्ठावन्नला आत गेला."

तो हे पोरांकडे बघून बोलला. भोंग्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

मागून भोंग्याची खसखस आली. "बटण हातानं फिरवलंस?"

"हो."

"माझ्या हाका ऐकू आल्या?"

"नाही. मागच्या रस्त्यावर होतो."

भोंग्याने मान हलवली, जणू रस्ता विचारला होता आणि कोणी नीट सांगितला होता. माईकची तार गुंडाळून टेबलावर ठेवली आणि जिन्याकडे निघाला. कोणी त्याच्यामागे गेले नाही. दर टप्प्यावर तो थांबल्याचे वरपर्यंत कळत होते.

दल घोरपडीला काही बोलले नाही, हेही त्याला सोपे गेले नाही. त्याने पदक परत केले. कार्यालयाने ते पावती देऊन घेतले. घरी भिंतीवर चौकोनी स्वच्छ डाग राहिला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "त्या चोरीच्या मालाचं मी गमतीनं म्हटलं होतं हो," आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. गुरुवार आला आणि गेला. असे सहा गुरुवार गेले. पट मांडायची त्याची हिंमत होत नव्हती आणि उचलून ठेवायचीही.

सातव्या आठवड्यात भोंग्याची बायको तळघरात आली. तिने कधी दलात पाऊल टाकले नव्हते. होजमधून वाट काढत ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्यांनी निरोप पाठवलाय. मी आणणार नव्हते, पण त्यांना एवढ्या पायऱ्या उतरवत नाहीत." तिने एक दम घेतला. "म्हणाले, दर तुकडीला सांगायचं. एकही सोडायची नाही. ते मागे बसून ऐकणार."

"आणि मग, वहिनी?"

"मगचं काही म्हणाले नाहीत. आणि मला वहिनी नका म्हणू, इतक्यात तरी."

पुढची तुकडी चार महिन्यांनी आली. घोरपड वेळेआधी पोचला, तर जिन्याच्या पायथ्याशी भोंगा कठडा धरून उभा होता. त्याला बघून भोंगा चढू लागला. घोरपड दोन पायऱ्या मागे, हात द्यावा की देऊ नये, या विचारात. पहिल्या टप्प्यावर भोंगा थांबला.

"पुढे हो," तो न वळता म्हणाला. "मागे कोणी असलं की मला जास्त दम लागतो."

घोरपड पुढे झाला. वर्गात पोरे उभी राहिली. त्याने त्यांना बसवले आणि खडू हातात घेऊन तो मागच्या दाराकडे बघत थांबला. मॅडमनी भुवया उंचावल्या. त्याने मान हलवली. जिन्यावर पावले वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. अखेर मागचे दार उघडले आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग त्याने सुरुवात केली. या वेळी विमानापासून नाही, दोन जिन्यांपासूनही नाही. "बाराव्या मजल्यावर," तो म्हणाला, "मी माझा रेडिओ बंद केला."